माया न सोडता

सरकारी रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बाबा माझ्या लेकीचा, स्केटबोर्ड खेळताना मनगटावर बांधायचा रिस्ट गार्ड हातात घेऊन बसले होते. आत तिच्या उजव्या मनगटाचा फोटो काढणं चाललं होतं. बाबांनी गार्ड उलटसुलट करून पाहिला, आतल्या प्लास्टिकच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, मग तो स्वतःच्या मनगटावर चढवून वेल्क्रो शेवटपर्यंत आवळला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं, वाळलेलं असलं तरी ते मोठ्या माणसाचं मनगट. त्यावरही गार्ड गोल गोल फिरत राहिला. ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "केवढी माया सोडलीस गो ह्याच्यात!"

शिंप्याच्या बोलीत माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. अंग भरलं, उंची वाढली की उसवायचं आणि तेवढं बाहेर काढायचं. बाबांनी म्हापशाच्या बाजारात चाळीसेक वर्षं मशीन चालवलं. जून जवळ आला की दुकानात गणवेशांचा ढीग पडायचा आणि येणारी प्रत्येक आई एकच सांगायची, "वाढत्या अंगाचं शिवा हां." त्यांच्या मापवहीत छाती, कंबर, खांदा, बाही, उंची असे रकाने असत आणि सगळ्यात शेवटी नुसतं 'मा.' त्याखाली एक, दीड, दोन असे आकडे. ती इंचांतली माया.

आम्ही भावंडं अशाच कपड्यांत वाढलो. रेनकोट घोट्यापर्यंत, बुटाच्या टोकाला कापसाचा बोळा. माझ्या स्कर्टची दुमड दर जूनला उसवली जायची आणि जुन्या घडीची गडद रेघ तेवढी कापडावर राहायची. पाचवीची रेघ, सहावीची रेघ. त्यात कुणाला काही कमी वाटलं नाही. पुढच्या वर्षीच्या पोरीला आई-बाप आत्ताच कपडा घेऊन ठेवत होते. मला त्यात आजही प्रेमच दिसतं.

म्हणून गेल्या एप्रिलमध्ये लेकीसाठी पॅड घ्यायला गेले तेव्हा मी आईनेच घेतले असते तसे घेतले. स्केटबोर्ड माझ्या जहाजावर नोकरी करणाऱ्या भावाने आणला होता. खरा, सात पदरी मेपल लाकडाचा, वर खरखरीत ग्रिप टेप लावलेला. बाकीचं आम्ही जाळीच्या पिशवीतल्या सहा नगांच्या संचात उरकलं: दोन गुडघ्यांचे, दोन कोपरांचे, दोन तळहात-मनगटांचे. दुकानदाराने दोन मापं पुढे ठेवली. ती बारा वर्षांची, अंगाने बारीक. मी मोठं माप उचललं. "दोन वर्षं तरी जातील," असं दुकानातच म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं.

दीड महिना काही झालं नाही. पर्वरीला आमच्या वसाहतीत बास्केटबॉलचं मैदान आहे, सिमेंटचं, सपाट. संध्याकाळी तिथे ती फेऱ्या मारायची. मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी ती मैदान सोडून फाटकाकडच्या उतारावर आली. कडेला कुंपणाचं काम चालू होतं, चिरे फोडल्याची लाल खडी रस्त्यावर पसरली होती. ज्यांनी कधी स्केटबोर्ड हातात घेतला नाही त्यांनी त्याचं चाक एकदा दाबून बघावं. मैदानी बोर्डाची चाकं लहान आणि दगडासारखी कडक असतात. सायकल ज्या खड्यावरून जाताना आपल्याला कळतही नाही, त्या हरभऱ्याएवढ्या खड्याने हे चाक जागच्या जागी थांबतं. बोर्ड थांबतो. माणूस थांबत नाही. ती पुढे फेकली गेली आणि कुणीही करेल तेच तिने केलं, हात पुढे टाकला. गार्ड होता, पण तो फिरून पट्टी मनगटाच्या बाजूला गेली होती. गुडघ्याचा पॅड पोटरीवर उतरला होता आणि उघड्या गुडघ्यात चिऱ्याचे कण रुतले होते.

एक्स-रे स्वच्छ आला. तरी डॉक्टरांनी अंगठ्यासकट प्लास्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला बोलावलं. मी विचारलं, हाड मोडलेलं नाही तर प्लास्टर कशाला? त्यांनी शांतपणे समजावलं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड. होडीच्या आकाराचं म्हणून त्याचं ते ग्रीक नाव. पसरलेल्या तळव्यावर माणूस पडला की भार त्याच्यावर येतो. त्याला बारीक चीर गेली तर पहिल्या फोटोत ती पुष्कळदा दिसतच नाही. आणि या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने शिरून मागे कोपराच्या बाजूला जातं, म्हणजे मध्येच चीर गेली तर मागचा तुकडा उपाशी राहतो. जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही. म्हणून नुसता संशय असला तरी हात बांधून ठेवायचा.

दोन आठवड्यांनी दुसराही फोटो स्वच्छ निघाला. ते दोन आठवडे मी हाताला लागेल ते वाचत होते. हात टेकून पडल्यावर मनगटाजवळ हाड मोडतं, त्याचं वर्णन आयर्लंडच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याने १८१४ साली करून ठेवलं, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षं आधी. त्याच्याच नावाने ते आजही ओळखलं जातं. माणूस दोनशे वर्षांपूर्वीही असाच पडत होता. १९९६ सालचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, चाकांच्या बुटांवरून स्केटिंग करणाऱ्यांचा एक अभ्यास सापडला: गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाची दुखापत होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या साधारण दहापट. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आमच्याकडे गार्ड होता ना. हातावर चढवलेलाही होता.

मी जे शिकले ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. कपड्याला माया लागते. संरक्षणाच्या सामानाला ती ठेवून चालत नाही. ते आजच्या अंगाचं हवं, आजच्या डोक्याचं, आजच्या गुडघ्याचं. सैल पॅड म्हणजे बेताचा पॅड नव्हे. घसरला की तो पॅडच उरत नाही, आणि तो घसरतो नेमका पडण्याच्या क्षणी, कारण तेव्हाच त्याच्यावर पहिल्यांदा खरा भार येतो.

प्लास्टर निघालं त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी ट्रंकेतून टेप काढली. पिवळी पडलेली, पहिला इंच झिजून दिसेनासा झालेली. "दोनापासून मोजायचं आणि दोन वजा करायचे," असं ते पूर्वी दुकानात शिकाऊ पोरांना सांगत, तेच लेकीला सांगितलं. मग तिला स्टुलावर बसवलं. डोकं: भुवयांच्या बोटभर वरून, मागे जिथे कवटी सगळ्यात फुगीर आहे तिथून. चोपन्न सेंटिमीटर. चाळीस वर्षांत त्यांनी डोक्याचं माप कधी घेतलं नव्हतं. ते त्यांनी तीनदा घेतलं. मग गुडघ्याच्या चार बोटं वर मांडीचा घेर, कोपराखाली हाताचा सगळ्यात जाड भाग, तळव्याचा घेर. गुडघ्याजवळचं माप ती उभी असताना एकदा आणि गुडघा वाकवून एकदा, कारण, त्यांच्या शब्दांत, "पँट उभ्याने नाही फाटत, बसताना फाटते." मी मापवहीत आकडे लिहीत होते. शेवटच्या रकान्यापाशी आले आणि सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'मा.'खाली आडवी रेघ ओढली.

हेल्मेट निवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. सुरुवातीला मी स्कूटरचं हेल्मेट चालेल असं धरून बसले होते. घरात होतं, आयएसआय शिक्क्याचं, दणकट. पण ते रस्त्यावरच्या वेगासाठी केलेलं असतं. जड असतं, कान झाकतं, बारा वर्षांच्या मानेवर भार टाकतं. स्केटबोर्डवरच्या पोराला मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू यायला हवा आणि मान न ओढता पायाखाली बघता यायला हवं. सायकलचं हेल्मेट हलकं, पण त्याच्या आतला थर्माकोलसारखा कडक फोम धक्का शोषतो तो स्वतः चिरडून. एकदा चिरडला की काम संपलं, वरून ओरखडा दिसो न दिसो. स्केटबोर्डवर माणूस एका संध्याकाळी दहा वेळा पडतो, आणि बोर्ड पुढे निसटल्यामुळे पुष्कळदा मागे, डोक्याच्या पाठीवर. म्हणून स्केटचं हेल्मेट गोल असतं आणि मागे मानेकडे खालपर्यंत उतरतं.

गोल दिसणारं प्रत्येक हेल्मेट तसं असतं असं मात्र नाही. आतलं लेबल वाचायचं. युरोपचं ईएन १०७८ हे प्रमाण सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी आहे. त्यात हेल्मेट घातलेलं नकली डोकं साधारण दीड मीटर उंचीवरून पडेल त्या वेगाने सपाट पोलादावर आपटतात आणि आतल्या डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींच्या वर गेला तर हेल्मेट नापास. अमेरिकेचं एएसटीएम एफ १४९२ खास स्केटबोर्डचं, एकापेक्षा जास्त धक्के गृहीत धरणारं. लेबलावर यांतलं काहीच नसेल तर ते हेल्मेट म्हणजे रंगवलेलं भांडं. मला ठाम वाटतं की बाकी सगळं स्वस्तातलं घ्यावं लागलं तरी चालेल, पण इथे पैसे राखू नयेत, आणि दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेट तर मुळीच घेऊ नये. ते कुठे, कितीदा आपटलंय हे ते सांगत नाही.

घालायचं कसं हेही मला माहीत नव्हतं. कपाळ उघडं टाकून टोपीसारखं मागे सरकवलेलं हेल्मेट मी वर्षानुवर्षं पाहत आले. ते समांतर बसलं पाहिजे, भुवयांच्या वर दोन बोटं. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत, हनुवटीखाली एखादं बोट जावं. मग बंद न लावता हेल्मेट हाताने हलवायचं आणि आरशात बघायचं: हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली, भुवया वरखाली झाल्या, तर माप बरोबर. नुसतं हेल्मेटच हललं तर परत दुकानात. लेकीची उंच बांधलेली पोनी हेल्मेट मागून उचलून धरत होती. आता ती खेळायला जाताना मानेवर सैल वेणी घालते, आणि शनिवारचं खोबरेल शनिवारी न लावता खेळून आल्यावर रविवारी रात्री लावते.

तिला हे सगळं पटवताना मात्र मोजमाप उपयोगी पडलं नाही. तिने मला टोकियो ऑलिंपिकची चित्रफीत दाखवली. २०२१ साली तिथे स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानची मोमिजी निशिया पहिली, ब्राझीलची रायसा लेआल दुसरी, दोघीही तेरा वर्षांच्या. दोघींचंही डोकं उघडं. "बघ," ती म्हणाली. मी तिला तीन वर्षांनंतरचं पॅरिस शोधायला सांगितलं. तिथे चौदा वर्षांच्या कोको योशिझावाने सुवर्ण जिंकलं ते हेल्मेट घालून. तीच रायसा लेआल, आता सोळा वर्षांची, कांस्यपदक घेताना हेल्मेटमध्येच खेळली. मधल्या काळात अठरा वर्षांखालच्यांना ते सक्तीचं झालं होतं. मग आम्ही स्काय ब्राउनबद्दल वाचलं. २०२० साली, अकरा वर्षांची असताना, सराव करताना ती उंच रॅम्पवरून पडली. कवटीला भेगा गेल्या, डावं मनगट आणि हात मोडला. हेल्मेट डोक्यावर होतं. पुढच्याच वर्षी टोकियोत तिने ब्रिटनसाठी कांस्य मिळवलं. लेकीने त्यातलं एकच वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं, मनगटाचं.

जूनचा पाऊस लागला तो थेट गणपतीनंतर उघडला. या चार महिन्यांत बोर्ड भिंतीला टेकून उभा. लाकूड ओलं झालं की पदर सुटतात, बेअरिंगना गंज चढतो, आणि पॅड तर दमट कपाटात आठवड्यात बुरशी धरतात. जुन्या संचाचं गोव्यातल्या पावसाने पार भिजलेलं फडकं करून टाकलं, म्हणून नवे पॅड आल्यावर बाबांनी त्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. साध्या साबणाच्या पाण्यात धुवायचे, सावलीत वाऱ्यावर टांगायचे, उन्हात तापवायचे नाहीत. हेल्मेट गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही. वेल्क्रोत अडकलेली वाळू, केस, धागे ते जुन्या टूथब्रशने काढत बसतात. एका पॅडचं इलॅस्टिक सैल पडलं तेव्हा ते उसवून, अर्धा इंच आत घेऊन, नायलॉनच्या दोऱ्याने चौकोनी टाका मारून दिलं. हेल्मेटला मात्र त्यांनी सुई लावली नाही. आतून जादा स्पंज चिकटवून बसवता येईल का, असं मी विचारलं होतं. "माप चुकलं तर अस्तर लावून सुधारत नाही," एवढंच म्हणाले. तेच बरोबर आहे. त्यात हेल्मेटबरोबर आलेलेच पॅड घालायचे.

नोव्हेंबरपासून आम्ही रविवारी सकाळी साळगाव, पर्रा, आसगाव करत हणजूणच्या बाजूला जातो. तिथे झाडीत सिमेंटचा बोल आहे, पाणी नसलेला तलाव असावा तसा. हा आकार खरोखरच तलावातून आला. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घराघरांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरं बोर्ड घेऊन त्यात उतरली. गुडघ्यावर प्लास्टिकची कडक वाटी असलेले जाड पॅड आले ते असल्या उतारांसाठी. व्हॉलिबॉलचे मऊ पॅड सिमेंटला चिकटतात आणि शरीर पुढे फेकतात; कडक वाटी घसरते. पडणं घसरण्यात बदलतं, आणि जोर एका ठिकाणी न बसता उतारभर पसरतो.

पहिल्या दिवशी तिथल्या एका मोठ्या मुलाने तिच्या हातातला बोर्ड काढून बाजूला ठेवला. "पयलीं पडूंक शीक," म्हणाला. बोर्डाशिवाय पळत उतारावर चढायचं, वर पोचल्यावर दोन्ही गुडघे एकत्र वाकवून बसायचं आणि पाठ ताठ ठेवून खाली घसरत यायचं. हात पुढे टाकायचे नाहीत, मांडीवर. तासभर तिने दुसरं काही केलं नाही. त्याच्या स्वतःच्या हातात गार्ड नव्हते. पट्टीमुळे बोर्डाची कड पकडता येत नाही, म्हणून बोलमध्ये खेळणारे पुष्कळजण ते घालत नाहीत, हे त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचं शरीर गुडघ्यावर पडायला शिकलंय. तिचं अजून हातावर पडतं. म्हणून तिचे गार्ड राहतील, आणि ते कधी काढायचे हे ती आणि तिचं पडणं मिळून ठरवतील. रस्त्यावर, पायऱ्यांवर खेळणारी पोरं गुडघ्यालाही काही बांधत नाहीत, पडण्याऐवजी बोर्ड सोडून पळत पुढे निघतात. त्यांची कारणं मला कळतात. तरी त्यांच्या उघड्या डोक्यांकडे बघून पोटात खड्डा पडायचा तो पडतोच.

गेल्या रविवारी बाबांना पहिल्यांदाच सोबत नेलं. काठावरच्या आंब्याखाली त्यांना खुर्ची दिली. ती पहिल्यांदा घसरत आली तेव्हा प्लास्टिक सिमेंटवर घासून टर्रर्र आवाज झाला, पॉपलीनचा तागा धाग्याच्या रेषेत फाडावा तसा, आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. ती खाली तळाशी गुडघ्यांवर बसली होती, हात मांडीवर. उठली, बोर्ड काखेत मारला, पुन्हा वर चढली. दुसऱ्या वेळी ते उठले नाहीत. त्यानंतर मोजत राहिले.

"अकरा वेळा," निघताना ते म्हणाले.

गाडीच्या दाराशी ती पॅड काढत होती. गुडघे कोरडे, धड. नुसता मांडीवर इलॅस्टिकचा लाल वळ उमटलेला, खोल. बाबांनी चष्मा वर सारला, वाकून त्या वळावर बोट दाबलं, कातडी परत वर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं.

"घट्ट होऊ लागलंय," ते मला म्हणाले. "घरी गेल्यावर टेप काढ."